‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचा प्रवास : एक कलासमूह आणि त्याची प्रदर्शने

१

वाङ्मयीन चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला एक सोय उपलब्ध असते. चळवळ ओसरली, तिचे प्रवर्तक पांगले, नियतकालिक बंद पडले, तरी संहिता उरते. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला. तो मुंबईत वाचला काय आणि नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात वाचला काय, वाचकाच्या हाती येते ती मूळ कविताच; तिची छाया नव्हे. चित्रकलेच्या चळवळीला ही सोय नाही. चित्र एका वेळी एकाच भिंतीवर असू शकते, आणि एका समूहाची चित्रे तर खाजगी संग्रह, सरकारी दालने, लिलावगृहे आणि परदेशी संग्रहालये यांत विखुरलेली असतात. ती एकत्र येतात केवळ प्रदर्शनाच्या निमित्ताने आणि तीही काही आठवड्यांपुरती. म्हणून चित्रकलेतील चळवळीच्या संदर्भात प्रत्येक मोठे प्रदर्शन ही त्या चळवळीची एक संपादित आवृत्ती ठरते. संपादक कोण, निवडीचे निकष कोणते, प्रस्तावना कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाचकासाठी लिहिली आहे, काय गाळले आहे, हे प्रश्न ग्रंथाच्या आवृत्तीला विचारले जातात. तेच प्रदर्शनालाही विचारले गेले पाहिजेत.

१९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या बाबतीत हे प्रश्न विशेष निकडीचे आहेत. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर राझा, कृष्णाजी हौळाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे या समूहाचे सहा संस्थापक. समूह म्हणून त्यांचे एकत्र अस्तित्व अत्यल्प काळाचे होते. जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे मुंबईतील पहिले समूहप्रदर्शन भरले, त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये राझा पॅरिसला गेले आणि १९५१ मध्ये बाकऱ्यांनीही लंडन गाठले. कृष्ण खन्ना, वासुदेव गायतोंडे, मोहन सामंत अशी नवी नावे जोडली गेली, तरी १९५६ च्या सुमारास समूह विसर्जित झाला होता. दहा वर्षेही न टिकलेल्या या समूहाला आज ‘आधुनिक भारतीय कलेचा आरंभ’ हे स्थान आहे. ते त्याला केवळ चित्रांच्या बळावर मिळालेले नाही. त्यामागे प्रदर्शनांची एक मालिका आहे, आणि या मालिकेत ‘प्रोग्रेसिव्ह’ या एका शब्दाचा अर्थ वारंवार बदलत गेला आहे.

२

या शब्दाचे मूळ कलाविश्वाबाहेरचे आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या प्रगतिशील लेखक संघामुळे ‘प्रोग्रेसिव्ह’ या विशेषणाला भारतीय भाषांत डाव्या बांधिलकीचा अर्थ चिकटलेला होता. सूझा हे छोडो भारत चळवळीतील सहभागामुळे सर ज. जी. कलाशाळेतून काढले गेलेले आणि काही काळ कम्युनिस्ट पक्षात वावरलेले चित्रकार होते. समूहाला हे नाव देताना तो अर्थ त्यांच्या मनात होता हे उघड आहे. पण १९४९ च्या प्रदर्शनपुस्तिकेतील सूझांचे निवेदन नेमके उलट्या दिशेने जाते. कलावंत आणि सामान्य जन यांच्यातील दरी सांधण्याचा आपला आरंभीचा इरादा होता. आता तो सोडून दिला आहे, आणि आशय व तंत्र या दोहोंच्या बाबतीत पूर्ण स्वातंत्र्य घेऊन आपण रंगवत आहोत, असा त्याचा सारांश आहे.

म्हणजे जनतेसमोर समूह म्हणून येण्याच्या पहिल्याच मोठ्या प्रसंगी समूहाने आपल्या नावातील सामाजिक आशय काढून घेतला. नाव राहिले, त्यातील अर्थाची जागा मात्र मोकळी झाली. मराठीत या नावाचे भाषांतर रूढ झाले नाही, ही गोष्टही इथे अर्थपूर्ण ठरते. ‘पुरोगामी’ हा शब्द मराठीत सिद्ध होता, पण त्याला महाराष्ट्रातील समाजसुधारणेचा आणि जातिविरोधी विचाराचा संदर्भ होता. ‘पुरोगामी चित्रकार’ म्हटले असते, तर ते कोणत्या अर्थाने पुरोगामी, हा प्रश्न लगेच उपस्थित झाला असता. ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषनाम म्हणून जसेच्या तसे स्वीकारल्याने तो प्रश्न टळला.

समांतर मराठी साहित्याकडे पाहिले तर साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. ‘काही कविता’ आणि प्रोग्रेसिव्ह समूह यांचे वर्ष एकच. दोघांनाही अश्लीलतेच्या आरोपाला तोंड द्यावे लागले. मर्ढेकरांवर खटला झाला, सूझांच्या चित्रांवर पोलिसी कारवाई झाली, आणि पुढे १९५४ साली अकबर पदमसी यांच्यावर प्रेमी युगुलाच्या चित्रासाठी खटला होऊन ते निर्दोष सुटले. परंतु नवकाव्याचा वाद मराठीतच झाला. ‘सत्यकथे’सारख्या मासिकातून त्याची परिभाषा मराठीतच घडली. प्रोग्रेसिव्हांची परिभाषा आरंभापासून इंग्रजी होती. नाझी राजवटीमुळे मध्य युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे त्यांचे अनुक्रमे मार्गदर्शक, समीक्षक आणि संग्राहक. १९४९ च्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले ते मुल्कराज आनंद यांनी. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांच्याशिवाय या चित्रकारांना प्रेक्षकच मिळाला नसता. तथापि या समूहाविषयी बोलण्याची भाषा जिथे निश्चित झाली, तिथे मराठी नव्हती, ही वस्तुस्थितीही नोंदवली पाहिजे.

३

युरोपीय अवाँ गार्दविषयीचा पेटर ब्यूर्गर यांचा सिद्धांत (जर्मन १९७४, इंग्रजी अनुवाद १९८४) सुपरिचित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अवाँ गार्दने एखाद्या शैलीवर हल्ला केला नाही. कलेच्या संस्थेवरच हल्ला केला, आणि कला व जीवन यांतील अंतर मिटवू पाहिले. हा हल्ला फसला आणि महायुद्धोत्तर नव-अवाँ गार्दने तोच विद्रोह पुन्हा केला तेव्हा तो संग्रहालयाने आधीच पचवलेला विद्रोह होता. या सूत्रानुसार संग्रहालयातील प्रवेश हा चळवळीचा पराभव ठरतो.

हे सूत्र मुंबईला जसेच्या तसे लावता येत नाही, कारण इथे कालक्रमच उलटा आहे. १९४७ साली हल्ला करण्याजोगी आधुनिक कलेची संस्था भारतात अस्तित्वात नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली. दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये. जी होती ती १८५७ ची सर ज. जी. कलाशाळा आणि १८८८ ची बॉम्बे आर्ट सोसायटी. या दोहोंतील अकादमिक वास्तववादावर आणि बंगाली पुनरुज्जीवनवादावर समूहाचा रोख होता. पण तो सोसायटीशी संबंध तोडण्यापर्यंत गेला नाही. सोसायटीच्याच वार्षिक प्रदर्शनात १९४७ साली हुसेन प्रथम लोकांपुढे आले, राझांना १९४८ साली तिचेच सुवर्णपदक मिळाले, आणि समूहप्रदर्शनही तिच्याच दालनात भरले. प्रोग्रेसिव्हांना संस्था मोडायची नव्हती, त्यांना ती हवी होती.

याहून महत्त्वाची गोष्ट १९४८ ची आहे. लंडनच्या रॉयल अकादमीत १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय उपखंडातील प्राचीन कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यातील कलाकृती परत आल्यावर दिल्लीत राष्ट्रपतिभवनात, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, मांडण्यात आल्या, आणि १९४९ साली त्यांतूनच राष्ट्रीय संग्रहालयाचा आरंभ झाला. हे प्रदर्शन पाहायला सूझा आणि हुसेन १९४८ मध्ये दिल्लीला गेले. मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रे पाहून आपल्या मानवाकृतीची आणि रंगाची दिशा ठरली, असे हुसेन यांनी पुढे वेळोवेळी सांगितले. देवळातून सुटी केलेली मूर्ती आणि पोथीतून सुटे केलेले पान शुद्ध रूप म्हणून पाहण्याची दृष्टी संग्रहालयातच तयार होते. मूर्तीचे पूजाविधीशी असलेले नाते तुटल्याशिवाय तिची ‘रेषा’ वेगळी दिसत नाही. तेव्हा चळवळ पुढे संग्रहालयात जाऊन बसली, ही तक्रार इथे अपुरी पडते. चळवळीची दृष्टीच अंशतः एका संग्रहालयीन प्रदर्शनाने घडवलेली होती. संग्रहालयाने प्रोग्रेसिव्हांना स्वीकारले हा आक्षेपाचा मुद्दा होऊ शकत नाही. कोणत्या अटींवर स्वीकारले, हा प्रश्न उरतो.

४

मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत १९९६ साली सुरू झाले. त्याच वर्षी तेथे यशोधरा दालमिया यांनी सिद्ध केलेले प्रोग्रेसिव्ह समूह आणि त्याचे सहयोगी यांचे प्रदर्शन भरले. १९४९ चे दालन आणि १९९६ चे संग्रहालय यांत पायी चालण्याचे काही मिनिटांचे अंतर आहे. ते कापायला समूहाला ४७ वर्षे लागली. या प्रदर्शनाने, आणि त्यापाठोपाठ २००१ मध्ये आलेल्या दालमिया यांच्या ग्रंथाने, विखुरलेली सामग्री एकत्र आणली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ‘सहयोगी’ या कोटीचे कार्य तपासण्यासारखे आहे. सहा जणांचा, अल्पायुषी, आपसांत मतभेद असलेला समूह या कोटीमुळे एका संपूर्ण पिढीचे नाव बनतो. तैयब मेहता, पदमसी, खन्ना, गायतोंडे यांची चित्रे समूहाच्या ऐन काळात नव्हे, नंतरच्या दशकांत परिपक्व झाली. ती मागे वळून समूहाच्या खात्यावर जमा होतात. १९४९ मध्ये मोकळी झालेली नावातील जागा १९९६ मध्ये ‘आधुनिक’ या अर्थाने भरली गेली. शहरात १९९२-९३ च्या दंगली होऊन तीनच वर्षे झाली होती आणि आदल्याच वर्षी त्याचे अधिकृत नाव बदलले होते. अशा वेळी पंढरपूरला जन्मलेला मुसलमान, गोव्याच्या साळगावचा कॅथलिक आणि विदर्भातला हिंदू ज्या समूहात एकत्र होते, त्याचे स्मरण शहराला हवेसे वाटावे, यात आश्चर्य नाही.

ही सूचित भूमिका न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत सप्टेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात भरलेल्या प्रदर्शनात उघड झाली. झेहरा जुमाभॉय आणि बून हुई टॅन यांनी ते सिद्ध केले होते. ‘नव्या भारतासाठी आधुनिक कला’ असा आशय त्याच्या शीर्षकातच होता, आणि प्रोग्रेसिव्हांच्या चित्रांशेजारी आशियाई प्राचीन कलाकृती मांडल्या होत्या. समूहातील धर्म आणि जात यांची विविधता हे नेहरूकालीन धर्मनिरपेक्ष राष्ट्राचे रूपक म्हणून वाचले गेले. सूझांनी नावातून काढून घेतलेला सामाजिक अर्थ ६९ वर्षांनी, दुसऱ्या खंडात, त्यात परत भरला गेला.

या वाचनामागची तळमळ समजण्याजोगी आहे. १९९८ मध्ये हुसेन यांच्या घरावर हल्ला झाला, २००६ पासून ते देशाबाहेर राहिले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या कलामेळ्यात २००८ आणि २००९ साली त्यांची चित्रे धास्तीपोटी मांडली गेली नाहीत. ज्या देशात चित्र भिंतीवर लावणेच धोक्याचे झाले, त्या देशाच्या चित्रकाराला राष्ट्राचे प्रतीक म्हणून न्यूयॉर्कमध्ये उभे करणे ही एक प्रकारची भरपाई होती. तरीही समीक्षेला विचारावे लागते की, रूपकाच्या सोयीसाठी चित्रांचे काय होते? आरा यांचे उदाहरण बोलके आहे. लहानपणी घर सोडून मुंबईला आलेले, घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरलेले आरा राष्ट्ररूपकात तळातील माणसाची जागा भरतात. त्यांची पुष्पपात्रे आणि स्थिरचित्रे मात्र त्यांच्या जातीविषयी वा कष्टाविषयी काहीही बोलत नाहीत. जलरंग तैलरंगासारखा जाड लावण्याची त्यांची रीत, नग्नाकृतीतील त्यांचा संकोचरहित जडपणा, हे सारे चरित्राच्या ओझ्याखाली न पाहिलेलेच राहते. ज्याने आपल्या चित्रातून स्वतःचे दुःख बाहेर ठेवले, त्याच्या चित्राला ते परत चिकटवणे हा न्याय आहे की नवी सक्ती?

५

राष्ट्ररूपकाच्या विरुद्ध टोकाला दुसरा संग्रहालयीन नमुना आहे, तो एकांतसाधकाचा. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात संधिनी पोद्दार यांनी सिद्ध केलेले गायतोंडे यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले आणि पुढे ते व्हेनिसला गेले. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात राझांचे मोठे प्रदर्शन झाले. इथे समूह पार्श्वभूमीत विरतो. एका व्यक्तीचा मौनाकडे किंवा बिंदूकडे जाणारा आंतरिक प्रवास समोर येतो. १९२४ साली नागपूरला जन्मलेल्या गायतोंडे यांच्या बाबतीत झेन बौद्ध विचार आणि न्यूयॉर्कमधील अमूर्त चित्रकला यांचे संदर्भ दिले जातात, आणि ते योग्यच आहेत. परंतु गायतोंडे यांच्याविषयीच्या आठवणी, मुलाखती आणि कागदपत्रे चिकाटीने गोळा करण्याचे काम मराठीत ‘चिन्ह’ने केले होते. जागतिक संग्रहालयाच्या प्रस्तावनेत अशा कामाचे स्थान कच्च्या माहितीचे असते. अर्थनिर्णयन अन्यत्र होते.

हे दोन नमुने परस्परविरोधी दिसले तरी त्यांची गाळणी सारखीच आहे. जो राष्ट्राचे रूपक होऊ शकत नाही आणि ज्याचे एकाकी साधकाचे चरित्र रचता येत नाही, तो दोहोंतून निसटतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगावला १९१७ मध्ये जन्मलेले, विज्ञानाचे पदवीधर असलेले गाडे हे संस्थापक असूनही बहुधा यादीतील एक नाव म्हणूनच उरतात. बाकरे हे समूहातील एकमेव शिल्पकार. दोन तपे लंडनमध्ये काढून ते कोकणात मुरूडला येऊन राहिले आणि २००७ मध्ये वारले. चित्रकारांच्या समूहाची कथा सांगताना शिल्प अडचणीचे ठरते. १९५३ च्या समूहप्रदर्शनात सहभागी झालेल्या कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये पुढे भानू अथैया म्हणून चित्रपटांच्या वेशभूषाकार झाल्या आणि १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. त्यांची चित्रकार म्हणून पुन्हा ठळक नोंद घेतली गेली ती २०२० मध्ये, त्यांच्या कलासंग्रहाच्या लिलावाच्या निमित्ताने. संग्रहालयाने जे विसरले, ते बाजाराने आठवून दिले. बाजाराच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहणारा कलेतिहास कितपत भरवशाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

६

या गाळणीतून केवळ व्यक्ती निसटत नाहीत, संपूर्ण परंपराही निसटते. नाशिकच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. गोदाघाट, तेथील देवळे, पायऱ्या, पाण्यावरचा उजेड हा मुंबईच्या कलाशाळेत घडलेल्या जलरंगकारांचा पिढ्यानपिढ्यांचा विषय. नाशिकच्या शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने हीच वाट आयुष्यभर निष्ठेने चालवली. समूहप्रदर्शनांनी रचलेल्या कालक्रमात या सगळ्याचे स्थान ‘आधीचे’ म्हणून ठरते, मग ते चित्र १९३० चे असो की १९९० चे. जे समूहाने मागे टाकले ते कालबाह्य, असे समीकरण रूढ होते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चित्रकला शिकणारा विद्यार्थी आपल्या डोळ्यांसमोरच्या जिवंत परंपरेकडे इतिहासाचा उरलेला गाळ म्हणून पाहू लागतो.

परंतु चित्रांचा पुरावा या कालक्रमाला दुजोरा देत नाही. १९४० च्या दशकातील राझा हे मुख्यत्वे जलरंगातील दृश्यचित्रकार होते. मुंबईचे रस्ते आणि काश्मीरची शहरे त्यांनी याच माध्यमात रंगवली. गाडे यांची ओळखही निसर्गचित्रकार अशीच आहे. ओल्या कागदावर रंग पसरू देऊन इमारतीचा आकार रंगाच्या डागातून उभा करणे हे अकादमिक जलरंगाचेच कौशल्य होते. समूहाच्या चित्रकारांनी त्यातील दृश्यसाम्याची अट सैल केली आणि रंगाला अधिक स्वायत्तता दिली. विच्छेदाइतकेच सातत्यही तिथे आहे. समूहप्रदर्शनात राझांचे सुरुवातीचे जलरंगचित्र भावी अमूर्ताची पूर्वतयारी म्हणून टांगले जाते. तेच चित्र समकालीन मुंबई-नाशिकच्या जलरंगांशेजारी टांगले, तर त्याचा वेगळा अर्थ लागेल. आजवरच्या मोठ्या प्रदर्शनांनी समूहाची जी कथा सांगितली, तिच्यात अशा मांडणीला मध्यवर्ती जागा मिळालेली नाही.

अशा मांडणीसाठी स्थानिक जाणकारांचा संस्थेत शब्द असावा लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बंद झाल्याचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा त्यांचे भाषण मध्येच अडवण्यात आले. त्या घटनेची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ झाली. तिच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र संपादनाच्या अधिकाराचा होता. या प्रदेशातील चित्रांची आवृत्ती कोण काढणार?

मराठीत कलाविचार दुबळा आहे असे म्हणता येणार नाही. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र, द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ (१९६३), संभाजी कदमांचे लेखन, बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) ही समृद्ध परंपरा आहे. पण तिचा ओढा कलाकृतीच्या स्वरूपाकडे आणि निर्मितिप्रक्रियेकडे राहिला. कलाकृती कोणत्या भिंतीवर, कोणाशेजारी, कोणत्या शब्दांच्या सोबतीने आपल्यापुढे येते, याची चिकित्सा तिने फारशी केली नाही. साहित्यसमीक्षेला पाठचिकित्सा, संकलनांचे राजकारण आणि वाङ्मयेतिहासाचे कालखंडन यांचा अभ्यास परिचयाचा आहे. तीच साधने प्रदर्शनाकडे वळवली, तर सहा जणांचा एक अल्पजीवी समूह आणि त्याच्या नावाखाली जमा झालेली अर्धशतकाची कथा यांतील अंतर मोजता येईल. तसे झाले तर गाडे यांचे निसर्गचित्र, बाकरे यांचे शिल्प आणि गोदाघाटाचा जलरंग यांना एकाच चर्चेत आणता येईल. आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचा पुढचा अर्थ ठरवताना मराठी वाचकाचाही त्यात काही वाटा राहील.